मागच्या चाकाचा वास

लोहा ओलांडल्यावर गाडीत जळका वास येऊ लागला. कुणीतरी बांधावर धसकटे पेटवली असतील, असे म्हणत आण्णांनी काच वर केली. वास वाढला, म्हणजे तो आपल्याच गाडीचा होता.

आई, वडील म्हणजे आण्णा आणि मी, असे आम्ही तिघे नांदेडहून लातूरला निघालो होतो. दहावीनंतर मला तिथल्या कॉलेजात विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला होता. लातूरला दोन वर्षे काढली की मुलगी डॉक्टर होते, हे त्या काळी आमच्या गल्लीत सिद्धांतासारखे मानले जाई. राहण्यासाठी एका घराच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली आण्णांनी ठरवली होती. मात्र ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आई होकार देणार नव्हती. लातूरकडच्या भूकंपात तिची थोरली बहीण मातीच्या माळवदाखाली दबून गेली. तेव्हापासून आई छताखाली झोपत नसे. आमचे घर पक्क्या स्लॅबचे असूनही तिचे अंथरूण अंगणात असे आणि उशाशी तांब्यावर तांब्या, त्यावर पेला रचलेला. जमीन हलली की भांडी पडावीत आणि जाग यावी, यासाठी पुष्कळ घरांत तेव्हा अशी उतरंड असे. आमच्या घरातली मात्र नंतरही मोडली गेली नाही.

रस्त्याच्या कडेला थांबून मी बॉनेट उघडले. तारा शाबूत होत्या, पट्टा घट्ट होता, पाणी भरलेले होते. इंजिन चालू ठेवून उभे राहिलो तर वास वाढत नव्हता. म्हणजे दोष फिरणाऱ्या भागात होता. मागच्या चाकावर पाण्याचे थेंब टाकले तर ते चर्र करून उडाले.

"ब्रेक धरून राहिलाय," मी म्हणाले.

"आता तूच चालव गाडी," आण्णा हसले. आई हसली नाही. ती पुढच्या सीटवरून उतरलीच नव्हती.

अहमदपूरच्या मिस्त्रींनी दोन्ही मागची चाके खोलली. "गुरुजी, लायनर पार करपलेत. हँडब्रेक ओढून गाडी हाकता की काय?"

"मी? तीस वर्षं शाळा हाकली, गाडी न्हाई हाकता येत व्हय?"

मिस्त्रींनी लायनर घासले, ब्रेक सैल केले आणि आण्णांना व मला सोबत घेऊन फाट्यापर्यंत फेरी मारली. वास नव्हता. आई टपरीच्या सावलीत बसून होती. आम्ही तिला घेऊन निघालो आणि थोड्याच अंतरावर पुन्हा तोच वास आला.

आण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. मी मात्र प्रयोगाचा विचार करत होते. गाडी तीच, रस्ता तोच, चालवण्याची रीतही तशीच. दोन फेऱ्यांत बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती माझ्या पुढच्या सीटवर बसली होती.

समोरून भरलेला ट्रक आला. गाडी हादरली. आईचा पदर दोन सीटांच्या मधे पसरला होता. त्याखाली हालचाल झाली आणि 'कट्' असा बारीक आवाज आला. दुसऱ्या ट्रकला पुन्हा कट्. हादरा बसला की ती हँडब्रेकचा दांडा एक दात वर ओढत होती. आण्णांचे लक्ष रस्त्यावर होते आणि ब्रेकचा लाल दिवा कधीचाच गेलेला होता.

कारण सापडल्याचा आनंद मला क्षणभरच झाला. चाकाला घालता येतो तसा या दोषाला पाना घालता येत नव्हता. तिला म्हणून पाहिले, "आई, हात काढ तिथला."

"कुठला हात?" ती म्हणाली. दांडा घट्ट धरलेलाच होता.

आम्ही मागे वळलो. आण्णांना बाजूला घेऊन मी सगळे सांगितले, आणि उपायही. केबल चाकांपासून सोडवायची, दांडा जागेवर ठेवायचा. तिला हवा तेवढा ओढू दे. पायातला ब्रेक तर शाबूत आहे.

"चांगला ब्रेक सोडवायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहायलो," मिस्त्री म्हणाले आणि गाडीखाली शिरले.

वास थांबला. तर्क बरोबर ठरला होता. मग समोरून एक टँकर आला, गाडी हादरली, पदराखालचा हात वर गेला. दांडा कसलाही जोर न लागता सरळ वर आला. आईने तो खाली केला, पुन्हा वर ओढला. नंतर तिने हात काढून घेतला आणि मांडीवर उताणा ठेवला. तिने आमच्यापैकी कुणाकडेही पाहिले नाही. चाकूर आले, गेले.

लातूरच्या त्या घराला आतून अरुंद जिना होता. घरमालकीण वरूनच हाका मारत होती, "या की वहिनी, खोली लई हवेशीर हाय! पंधरा पोरी हायेत इथं!" आई पहिल्या पायरीशी उभी राहिली. तिने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला, तो ओढून पाहिला. कठडा पक्का होता. तरीही तिने हात काढून घेतला.

"आई, वर तर चल. निदान बघ."

"काय बघू माय," ती म्हणाली. "ओढाया काय हाय तिथं?"

आण्णांनी तिची समजूत घातली, मग माझी. मी भूकंपरोधक बांधकामाबद्दल, बीम आणि कॉलमबद्दल जे वाचले होते ते सगळे सांगितले. ती ऐकत राहिली आणि शेवटी जाऊन गाडीत बसली. घरमालकिणीने दुपारीच ती खोली उदगीरच्या एका मुलीला दिली.

उतरवलेली वळकटी आम्ही पुन्हा डिकीत ठेवली. नांदेडपर्यंत ट्रक येत राहिले, गाडी हादरत राहिली. आईचे दोन्ही हात मांडीवर होते. मी काच उघडून पुन्हा पुन्हा वास घेत होते. वास कुठेच नव्हता.