सतरा घरांची खबर

शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. बाराची घंटा झाली की मुली पाट्या काखोटीला मारून पळत आणि मी ओसरीवर बसून खबर लिहायला घेई. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मी तेव्हा दुय्यम मास्तर होतो. वय बावीस, पगार बेताचा आणि अक्कल स्वतःच्या मते भरपूर. डोंबिवलीला अजून आगगाडी थांबत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

खबर म्हणजे शाळेत या आठवड्यात काय झाले आणि पुढच्या आठवड्यात काय आहे, ते मुलींच्या घरी कळवायचे. बुधवारी शिवण आहे, तांबडा दोरा आणावा. शुक्रवारी पाढ्यांची परीक्षा. नागपंचमीची सुट्टी. डेप्युटीसाहेब तपासणीला येणार, मुलींना वेणीफणी करून पाठवावे. वरच्या इयत्तांच्या मुली सतरा घरांतून येत. त्या घरांना शाळेची आठवण सतत करून द्यावी लागे, नाहीतर आज एकीच्या भावाची मुंज, उद्या दुसरीच्या आईचे बाळंतपण, असे करता करता मुलगी कधी गळाली ते कळतही नसे.

मी येण्याआधी ही खबर कागदावर नसे. मुलींना सकाळी घरोघरी जाऊन बोलावून आणायला शाळेने एक बाई ठेवली होती. ती कोपरीची, विधवा, चाळिशीची, अक्षरशत्रू. शनिवारी मोठे मास्तर तिला चार गोष्टी सांगत आणि ती दुपारभर मागच्या दारांनी हिंडून बायकांना त्या ऐकवी. एका शनिवारी मला त्याच वाटेने जायचे होते म्हणून मी तिच्या मागोमाग निघालो, आणि जे ऐकले त्याने तळपायाची आग मस्तकाला गेली. एका घरी तिने फक्त शिवणाचे सांगितले, भूगोलाचे नावही काढले नाही. दुसऱ्या घरी डेप्युटीसाहेबांचे ‘दुसऱ्या गावचे म्हातारे मास्तर’ करून टाकले. तिसऱ्या घरी तर काहीच सांगितले नाही. म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी केली आणि निघाली.

मी तिला तळ्याकाठी गाठले. म्हटले, "अहो, ही काय खबर झाली? निम्मी गिळलीत तुम्ही!"

ती हसली. "मास्तर, साहेबाचा नाव काढला तर त्या घरची आजी पोरीला आठ दिस कोंडून ठेवील. तिला वाटतं साहेब पोरी बाटवाला येतो. मंग तपासनीला पोर कुठशी आनाल?"

"पण खरे ते खरे. शाळेने खोटे सांगायचे?"

"खोटा कुठं सांगते? नको तां नाय सांगत."

मला हे पटण्यासारखे नव्हते. मी तेव्हा नुकताच पुस्तके वाचून तयार झालेला माणूस. अज्ञानाला गोंजारले की ते वाढते, असे माझे ठाम मत होते आणि ते मी कोणालाही ऐकवीत असे. मोठ्या मास्तरांना मी सांगितले की यापुढे खबर कागदावर जाईल, सतरा घरी सतरा कागद, सगळीकडे एकच मजकूर, आणि तो पुढच्या दारी घरच्या पुरुषाच्या हातात पडेल. मोठे मास्तर निवृत्तीला आले होते. ते म्हणाले, "लिही बाबा, बोरू तुझा आणि बोटेही तुझीच."

कागद वाटायचे काम त्या बाईकडेच राहिले. पहिला गठ्ठा हातात घेऊन ती म्हणाली, "कागदाला समोरच्याचा तोंड बघता येत नाय, मास्तर. मना येतं." मी तिकडे लक्ष दिले नाही.

आता त्या मुलीचे सांगतो. पाचव्या इयत्तेत पहिल्या जागेवर ती बसे. वय अकरा. तिचे वडील कचेरीत कारकून, सालस माणूस, बोलणे कमी. तिचे लग्न आठव्या वर्षीच झाले होते आणि सासर कल्याणला होते. पण तेव्हा शाळेतल्या निम्म्या मुली लग्न झालेल्याच असत, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटले नाही. विशेष होते ते तिचे डोके. एकदा नकाशा लावला तेव्हा ती उठून जवळ गेली, बोटाने उल्हास नदी धरून खाली खाली आली आणि म्हणाली, "मास्तर, म्हणजे कल्याणचं पाणी आपल्याच खाडीत येतं?" मी हो म्हटले. ती जागेवर जाऊन बसली, पण तासभर तिचे डोळे नकाशावरच होते. अशी मुलगी मास्तरला नोकरीत एकदाच मिळते. मला ती पहिल्याच वर्षी मिळाली आणि मला वाटले, अशा पुष्कळ मिळतील.

पावसाळा सरल्यावर डेप्युटीसाहेब आले. तिने त्यांच्यापुढे न अडखळता धडा वाचला, व्यवहारी अपूर्णांकाची दोन उदाहरणे पाटीवर सोडवली आणि नकाशावर नद्या दाखवल्या. साहेबांनी तिला एक पुस्तक बक्षीस दिले. माझी छाती इतकी फुगली की अंगरख्याचे बंद तुटायचे राहिले.

त्या शनिवारी मी खबर लिहायला बसलो. बाई दाराशी उभी होती. तिने विचारले, "या पोरीचा काय लिवताव?" मी तिला वाचून दाखवले. मुलीच्या वडिलांचे नाव घालून, अमक्यांच्या कन्येने डेप्युटीसाहेबांसमोर उत्तम वाचन करून बक्षीस मिळवले व सर्व शाळेची मान उंच केली. चार महिन्यांनी पाचवीची परीक्षा आहे, तीतही हीच मुलगी पहिली येईल अशी आशा आहे.

"तिचा नाव नका घालू कागदान," ती म्हणाली.

"का?"

"नका म्हंजे नका."

"कारण सांगा."

ती खाली मान घालून पदराचे टोक पिळत राहिली. मला वाटले, जुन्या वळणाची बाई, मुलीचे कौतुक झाले तर दृष्ट लागेल म्हणत असेल. माझे टाळके फिरले. मी सतरा कागदांवर सतरा वेळा ते नाव लिहिले आणि मुद्दाम जरा मोठ्या अक्षरात लिहिले.

कारण मला सोमवारी कळले. मुलगी शाळेत आली नाही. बाई सकाळी तिच्या घरी जाऊन हात हलवत परत आली आणि मला बाजूला नेऊन तिने सगळे सांगितले. लग्न झाल्यावर मुलीची शाळा बंद झाली असे कल्याणला सांगितलेले होते. सासरा करडा, शिकलेल्या सुना घरात नांदत नाहीत असे म्हणणारा. पण मुलीने आईच्या मागे लागून लागून पाचवी होईपर्यंतची मुदत मागून घेतली होती. बापाने मनावर दगड ठेवून ते झाकून ठेवले होते. परीक्षा झाली की मुलगी गुपचूप सासरी जायची होती. आईने बाईकडून शपथ घेतली होती की हे कोणाला, शाळेतसुद्धा, सांगायचे नाही. बाईने शपथ पाळली.

आणि माझा कागद? सासरे कोर्टाच्या कामासाठी शनिवारी कल्याणहून गाडीने आले होते आणि ठाण्यात एका ओळखीच्यांकडे उतरले होते. त्या घरची मुलगी आमच्या शाळेत होती. कागद तिथे ओटीवर पडला होता. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि रविवारी सकाळी व्याह्यांच्या दारात जाऊन म्हणाले, "सूनबाईंची कीर्ती ऐकली. अभिनंदन करायला आलो."

सोमवारी संध्याकाळी मुलीचे वडील माझ्या खोलीवर आले. पागोटे काढून मांडीवर ठेवले. मला वाटले, आता हे मला बोल लावतील. तसे काही झाले नाही. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही चांगल्या मनानंच लिहिलंत. एक विनंती आहे. एक दुरुस्ती काढाल का? नावात चूक झाली, वाचणारी मुलगी दुसरी, असं. व्याही अजून कोर्टासाठी उद्याचा दिवस ठाण्यातच आहेत. मी त्यांना म्हटलंय, शाळेचा काहीतरी घोटाळा असेल. ते म्हणाले, तसं शाळेनं लिहून दिलं तर बघू. एवढे चार महिने निघाले की झालं."

माणसाच्या आयुष्यात एखादे वाक्य असे असते की ते परत गिळता आले असते तर त्याने उरलेले सगळे बोलणे देऊन टाकले असते. मी म्हणालो, "शाळेच्या कागदावर मी खोटे लिहिणार नाही."

ते म्हणाले, "बरोबर आहे." त्यांनी पागोटे डोक्यावर ठेवले आणि ते गेले. ते भांडले असते तर मी वितळलो असतो. निदान मी स्वतःला आजवर असेच सांगत आलो आहे.

मंगळवारचा सबंध दिवस माझा अभिमान टिकला. शाळेत पहिली जागा रिकामी होती. तिकडे बघायचे नाही असे मी ठरवले आणि दिवसभर तिकडेच बघत राहिलो. बुधवारी पहाटे उठून सतरा दुरुस्त्या लिहिल्या. नाव चुकीने पडले, वाचन दुसऱ्या मुलीने केले, शाळा दिलगीर आहे. गठ्ठा बाईच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, तिला वाचता येत नव्हते, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळले. म्हणाली, "मास्तर, कल्यानचा म्हातारा काल सांजच्या गाडीनं गेला."

तरी मी एक कागद घेऊन धावत कचेरीत गेलो. मुलीच्या वडिलांनी तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "राहू द्या," ते म्हणाले. "काल दिवसभर त्यांनी शाळेच्या चिठ्ठीची वाट पाहिली. मग म्हणाले, शाळा गप्प आहे म्हणजे खरंच आहे. शुक्रवारी मुलीला पोचवायला सांगितलंय. न पोचवली तर त्यांच्या मुलाला दुसरी मुलगी बघतील." एका दिवसाचा प्रश्न होता. मंगळवारी तो कागद गेला असता तर ती राहिली असती. हे मी अंदाजाने बोलत नाही, मुलीच्या बापानेच मला सांगितले आणि सांगताना आवाज चढवला नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. आईने मला बघून तोंड फिरवले, ते योग्यच होते. मुलगी बाहेर आली. एरवी परकर नेसायची, आज तिला लुगडे नेसवले होते. ते सांभाळता सांभाळता तिची तारांबळ होत होती. हातात शाळेचे वाचनाचे पुस्तक होते, नव्या कागदाचे वेष्टण घातलेले. ते माझ्याकडे देऊन म्हणाली, "शाळेचं आहे, म्हणून." साहेबांनी दिलेले बक्षिसाचे पुस्तक कुठे आहे ते मी विचारले नाही.

मला क्षमा मागायची होती. अकरा वर्षांच्या मुलीची क्षमा कशी मागतात ते मला कळत नव्हते. तेवढ्यात तिनेच विचारले, "मास्तर, पुढच्या आठवड्यात काय आहे?"

मला आधी कळेना. मग कळले, ती खबर विचारते आहे.

मी सांगितली. सोमवारी अपूर्णांकांचा भागाकार. मंगळवारी हिंदुस्थानातले पर्वत. बुधवारी शिवण, काज करायला शिकवणार. ती मान हलवून एकेक गोष्ट मनात ठेवून घेत होती. "आणि गुरुवारी?" गुरुवारचे काही ठरले नव्हते. मी म्हणालो, पृथ्वीचा गोल येणार आहे मुंबईहून. "खरंच?" खरंच. "आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात?" मग मी सुटलोच. सूर्यग्रहण कसे लागते ते दाखवणार आहोत. मुलींना खाडीवर नेऊन भरती-ओहोटी समजावणार आहोत. नव्या धड्यांची पुस्तके येणार आहेत, चित्रांची. मी उभ्या आयुष्यात कधी इतके खोटे बोललो नव्हतो. कुठलाही गोल येणार नव्हता. ती ऐकत होती आणि मला थांबायचे धैर्य नव्हते, कारण थांबलो की घरी जावे लागणार होते.

आतून तिला हाक आली. उंबरठ्यावर थांबून तिने विचारले, "माझ्या जागेवर कोण बसणार?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "ती तुझीच आहे."

तिचा चेहरा खुलला. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मास्तर खोटे बोलत नाहीत हे तिला ठाऊक होते, साऱ्या गावाला ठाऊक होते.

वर्गात पहिली जागा रिकामी ठेवायची पद्धत नव्हती. सोमवारी अकराच्या घंटेला तिथे दुसरी मुलगी बसली. मीच तिला हात धरून बसवली.