डावं फूल

देव मला भांडतानाच आठवतात. एरवी मी त्यांना फारसा त्रास देत नाही.

बहिणीने दत्तक घेतलेल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही पालीपलीकडच्या आमच्या गावी गेलो होतो. घरात नवं माणूस आलं की त्याचं नाव ग्रामदेवीच्या गाऱ्हाण्यात, म्हणजे गुरव देवीपुढे सगळ्यांच्या वतीने करतो त्या प्रार्थनेत घालायचं, ही रीत. त्यानंतरच ते घरचं. बहिणीला तेवढंच हवं होतं.

देवळात काका अडले. "कुणाचं पोर, कुठलं कुळ, कळू दे तरी."

मी सुटलोच. सीता जनकाला नांगराच्या तासात सापडली, कृष्ण यशोदेकडे वाढला, त्यांना कुणी अडवलं? इथे थांबलो असतो तर जिंकलो असतो. पण जिंकत आलो की माझी जीभ एक पाऊल जास्त टाकते. "हवं तर देवीलाच विचारा."

"बरं," काका म्हणाले. "लावू कौल."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी खांबाकडे.

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली तगरीची फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फुलं हलेनात. कौलावर अजिबात विश्वास नसलेला मी उजव्या फुलावर हळूच फुंकर घालू लागलो.

"मागे हो," काका पुटपुटले. "देवीला उकडत नाहीये."

तेवढ्यात डावं फूल किंचित सरकलं. अडकलं. गुरवाने डोळे मिटले.

"फूल पडलं की आपण घरी जायचं?" मुलीने विचारलं.

बहीण उठली. "काका, डावं पडलं तर हिला कुठे ठेवून येऊ, तेवढं आधी सांगा." मग माझ्याकडे वळली. "आणि दादा, तुझ्या त्या यशोदेने लावला होता का रे कौल?"

काकांनी मुलीकडे पाहिलं.

"उतरव ती फुलं," ते गुरवाला म्हणाले.

"अर्धा कौल सोडायचा?"

"विचारण्यातच चूक झाली म्हण. माफीचा नारळ हा देईल." हा म्हणजे मी.

गुरवाने हात पुढे केला, आणि त्याचं बोट लागायच्या आत डावं फूल खाली पडलं.

काका वाकले, फूल उचललं आणि मुलीच्या केसांत खोवलं. "प्रसाद आहे. हरवू नको."

मग गाऱ्हाण्यासाठी गुरवाने नाव विचारलं. काकांनी सांगितलं, आमच्या आडनावासकट.

"होय महाराजा," आम्ही गाऱ्हाण्याला साथ देत म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा. बहिणीने कोपराने ढोसलं, "आता तरी गप."