गाडीची लाइट बॅटरीवर घेतली

आमची मोटारसायकल थोरल्या मुलीच्या वयाची आहे. तिची लाइट आधीपासूनच मंद. जुन्या गाड्यांची लाइट इंजिनवर चालते. रेस दिली की वाढते, गाडी हळू केली की कंदिलासारखी होते. त्याच लाइटीवर ह्यांनी इतकी वर्षं काढली. हे जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. आमचं गाव वाटूरजवळ, मोठ्या रस्त्यापासून आत. सकाळच्या पाळीला पोचायचं तर अंधारातच निघावं लागतं आणि त्या वेळेला एसटी नसते. म्हणून गाडी.

मागच्या दिवाळीनंतर हे रोज एकच म्हणू लागले, "लाइट लई कमी झाली. रस्ता दिसून न्हाई राह्यला." हळू चालवत गेले की पोचायला उशीर व्हायचा. कारखान्यात साहेब बोलायला लागले होते. उशीर असाच होत राहिला तर काम जाईल, याची ह्यांना भीती. मला दुसरीच भीती होती. हे निघाले की मी चुलीपुढं बसून फोनकडं बघत राहायची. पोचल्यावर हे फोन करायचे आणि "पोचलो" एवढंच म्हणायचे. तो शब्द ऐकला की मी उठून कामाला लागायची.

मुली लग्न होऊन गेल्या. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही न बोलणारे. मी तर लहानपणापासूनच अशी. बाजारात भाव विचारायलाही माझी जीभ उचलत नाही.

एका सुट्टीला ह्यांनी वाटूरहून नवा बल्ब, वायर, फ्यूज आणि रिले असं सगळं आणलं आणि दुपारी अंगणात गाडी घेतली. मला म्हणाले, "बस इथं. वायरी धरायला माणूस पाहिजे." मी तूर निवडायचं सूप घेऊन बसले.

लाइटीची रिंग काढली तर आत कडेला कुंकवाचा थर जमलेला. दर दसऱ्याला मी गाडीच्या तोंडाला हळदकुंकू लावते, नारळाचं पाणी शिंपडते. तेच आत झिरपत गेलं होतं.

"बघ," हे म्हणाले, "तुझ्या कुंकवानं लाइट खाल्ली."

"तुम्हीच म्हणता तोंडाला लाव. आता टायरला लावीन."

हे हसले. मग काम करता करता बोलत राहिले. वर्षभरात बोलले नसतील इतकं त्या दुपारी बोलले. जुना होल्डर वितळला होता, तो काढला. आता लाइट इंजिनवर नाही, बॅटरीवर घ्यायची, म्हणजे रेस असो नसो, उजेड सारखाच. बॅटरीपासून जाड वायर आणायची, मधे फ्यूज, पुढं रिले.

"बटनातून आता नुसता इशारा जाईल," ते म्हणाले. "ताकद सगळी रिलेतून. बटन जळायचं कामच न्हाई."

मला निम्मं कळत होतं. पण मी मान हलवत होते, कारण ते मला सांगत होते. पॉलिश पेपरनं त्यांनी गाडीच्या सांगाड्याचा रंग खरवडला, लोखंड उघडं केलं आणि तिथं अर्थिंगची वायर आवळली. खाली रंग राहिला तर करंट नीट जात नाही म्हणे. दुपार संपू नये असं मला वाटत होतं.

ऊन घरामागं गेलं तेव्हा हे म्हणाले, "लाल वायर दे."

"लाल तुमच्या हातात हाय."

त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला. "अंधार पडला," म्हणाले.

अंधार पडला नव्हता. मी त्याच उजेडात तुरीतले खडे वेचत होते. 

सगळं जोडून ह्यांनी बटन दाबलं. शेजारच्या भिंतीवर पांढराशुभ्र उजेड पडला. विटांमधली प्रत्येक सांध दिसत होती. शेजारचे भाऊजी डोळ्यांवर हात धरून बाहेर आले.

"दादा, ट्रकची लाइट बसवली का काय? माझ्या म्हशीनं पान्हा चोरला ना."

"मजाक नको करू. कमीच हाय अजून," हे म्हणाले.

"कमी? वहिनी, तुम्ही सांगा ह्यांना."

मी पदर सारखा केला. हे परत खाली बसले. अर्थिंगचा नट पुन्हा आवळला, काच पुसली, होल्डर हलवून बघितला. पुन्हा बटन दाबलं. उजेड होता तेवढाच, म्हणजे भरपूर. ह्यांनी नाराजीनं मान हलवली.

"भिंतीवर कळत न्हाई. चल, रस्त्यावर बघू."

मी मागं बसले. दिवस नुकताच मावळला होता. गावाबाहेर रस्त्याच्या कडेचे दगड, बाभळीचे काटे, सगळं त्या लाइटीत लख्ख दिसत होतं. पुढं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांनी भरलेली एक बैलगाडी चालली होती. वर बसलेल्या माणसानं मागं वळून आमच्याकडं बघितलं, तेव्हा त्याच्या डोक्यावरचा रुमालही मला दिसला. आता हे गाडी हळू करतील म्हणून मी वाट बघत होते. ह्यांनी केली नाही.

मी त्यांचा खांदा धरला. "अहो, थांबा. म्होरं बैलगाडी हाय."

ब्रेक लागला. पऱ्हाट्या हँडलला घासल्या.

"काय मामा," वरचा माणूस म्हणाला, "दिवसावानी उजेड लावून फिरता, अन् गाडी दिसंना?" तो बैलांना हाकत पुढं निघून गेला.

हे दोन्ही पाय टेकवून उभे राहिले. म्हणाले, "मला नुसतं काळं दिसलं. मंग लाइट कमीच म्हणायची ना?"

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. मी "हो" म्हटलं असतं तर ते घरी जाऊन पुन्हा वायरी उघडून बसले असते आणि पहाटे त्याच गाडीवर निघाले असते.

"लाइट बराबर हाय," मी म्हणाले. "तुम्हाला दिसंना."

त्यांनी गाडी वळवली, पण बसले नाहीत. आम्ही चालतच घरी आलो, मधे गाडी घेऊन.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, शुगर डोळ्यांच्या पडद्याला लागली आहे. गेलेली नजर येणार नाही, आहे ती सांभाळा. दिवसा काम करता येईल. अंधारात गाडी बिलकुल नको. कारखान्यानं ह्यांना भट्टीवरून काढून गेटवर बसवलं. पाळी सकाळचीच राहिली. मग कारखान्यातल्या, धावडा गावाकडच्या दोन माणसांसोबत ह्यांनी जालन्यातच खोली केली. आता सुट्टी लागून आली की एसटीनं येतात आणि उजेड आहे तोवर परत निघतात.

माझ्यावर रागावले असं कधी म्हणाले नाहीत. रागावले नाहीत असंही म्हणाले नाहीत. मी तेव्हा बोलले नसते तर ते घरात असते, असं कधी कधी मनात येतं. आणि लगेच ती बैलगाडी आठवते. एका माणसाचं पीठ मळायला बसते तेव्हा परातीत हाताला काही लागतच नाही. भाऊजी म्हणतात, "वहिनी, गाडी विकून टाका, गंजून जाईल." मी ऐकून घेते.

जाताना ह्यांनी मला किक मारायला शिकवली. "मधूनमधून चालू करत जा. न्हाईतर बॅटरी उतरंल." गाडी मोठ्या स्टँडवर, तोंड गल्लीकडं करून उभी असते. दिवेलागणीला त्यांचा फोन येतो.

"गाडी चालू केली?"

"केली."

"लाइट?"

"लागली."

एवढं झालं की फोन ठेवतात. परवा मात्र त्यांनी विचारलं, "उजेड कुठवर जातो?"

मी दारातून बघितलं. "गल्लीच्या टोकापर्यंत. बाभळीखाली शेळ्या बसल्यात. एकीच्या गळ्यात घुंगरू हाय."

"घुंगरू बी दिसतं?"

"दिसतं."

 मग म्हणाले, "अजून काय दिसून राह्यलं?"

मी इतकं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. हापशाजवळ कुणाची तरी घागर राहिलेली, ते सांगितलं. भाऊजींच्या गोठ्याच्या कुडावर वाळत घातलेली गोधडी सांगितली. संपलं की मी आणखी काही शोधायची. इंजिन चालूच होतं. इतका वेळ पेट्रोल जळत होतं, पण त्यांनी गाडी बंद करायला सांगितलं नाही.