वारं पडेपर्यंत: परतूरच्या शिवारात

परतूर स्टेशनावर आम्ही दोघी उतरलो तेव्हा थंडी चांगलीच होती. माझ्यासोबत डेन्मार्कची इंग्रिड होती. आमची पुण्यातली छोटी कंपनी तिच्या दुकानांना सेंद्रिय ज्वारीचं पीठ पाठवणार होती. ज्यांना गहू सोसत नाही असे तिकडचे लोक ते घेतात. करार करण्याआधी तिला शेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

काळ्या रानात शाळू (रब्बीची ज्वारी) डोक्याच्या वर गेला होता. शेत सुमनताईंचं. यजमान मोंढ्यात (धान्यबाजारात) गेल्यामुळे ताईंनीच आम्हाला सगळं रान फिरून दाखवलं. मग आगटीत भाजलेलं कणीस तळहातावर चोळून हुरडा पुढे केला. इंग्रिडने तो न फुंकताच तोंडात टाकला. कोंड्याने तिला असा ठसका लागला की ताई तांब्या घेऊन धावल्या, आणि मग फुंकर कशी मारायची तेही त्यांनी शिकवलं.

तेवढ्यात इंग्रिडने बांधापलीकडे बोट केलं. हरभऱ्यात एक माणूस पाठीवर फवारणीचा पंप घेऊन उभा होता. ताईंचा चेहरा उतरला. ते त्यांचे धाकटे दीर, किसनराव. वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. औषध वाऱ्याने इकडे आलं असतं तर ज्वारी तपासणीत नापास झाली असती.

मी बांधावर जाऊन त्यांच्याशी बोलले. हरभऱ्याला घाटेअळी लागली होती. घाटे पोखरले जात होते. मग थांबलात कशाला, असं मी विचारलं.

"वारं तिकडं चाललंय," ते म्हणाले. "वहिनीची ज्वारी परदेशात जायचीय म्हणं. परवापासून वारं पडायची वाट पाहून राह्यलो."

मी परत येऊन ते सांगितलं. ताईंनी पदर खोचून बांध ओलांडला.

"भाऊजी, जेवलात का?"

"न्हाई अजून."

"या मंग, भाकर खा. वारं पडलं की आजच फवारा. बांधाकडच्या काही ओळी आम्ही सोडतो. ती ज्वारी मोंढ्यात घालू, परदेशाच्या पोत्यात भरणार न्हाई."

म्हणजे इंग्रिडला माल कमी मिळणार होता. मी तिला सगळं समजावलं. तिने दोन्ही रानांकडे नीट पाहिलं आणि कमी चालेल, फक्त वेगळं ठेवा, एवढंच म्हणाली. किसनराव पंप उतरवून आगटीपाशी बसले. त्यांचा हात रिकामा झाला की ताई न विचारता पुन्हा हुरडा घालत होत्या.

परतीच्या गाडीत इंग्रिडने विचारलं, बांध ओलांडल्यावर ताई पहिल्यांदा काय म्हणाल्या?

"जेवलात का, असं विचारलं."

"एवढंच?"

एवढंच, मी म्हणाले. ज्वारीत औषधाचा अंश नाही, हे प्रयोगशाळा सांगेल. तो येऊ नये म्हणून पलीकडचा माणूस आपलं पीक अळीच्या तोंडी ठेवून थांबला होता, हे मात्र प्रयोगशाळेला कधीच दिसणार नाही. आम्हाला ते दिसलं, कारण आम्ही तिथवर गेलो.