परीक्षेसाठी राखलेली दाढ

दातांची डॉक्टर व्हायचं तर शेवटच्या परीक्षेला आपला पेशंट आपणच न्यावा लागे. त्याच्या दाढेत कीड हवी, पण बेताची. फार वरवरची असली तर परीक्षक नाक मुरडत आणि खोल गेलेली असली तर पेशंट बाद. शिवाय तिला आधी कुणी हात लावलेला नको. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नागपुरात आम्ही मुलंमुली अशा किडीच्या शोधात नातेवाईक, घरमालक, मेसवाल्या काकू, सगळ्यांना आ करायला लावत असू. लग्नाला गेले तरी मी हसणाऱ्यांच्या दाढाच बघत असे.

मला हवी तशी कीड आठ वर्षांच्या एका मुलीच्या तोंडात सापडली. ती आजोबांबरोबर आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात आली होती. कापडगिरणीतून निवृत्त झालेले हे आजोबा शहराच्या उत्तरेकडच्या इंदोऱ्याहून बसनं येत, आल्यावर आणि जाताना न चुकता जयभीम म्हणत. खरं तर दुखत होता त्यांचाच दात. वयानं त्यांचं तोंड कोरडं पडे, म्हणून खिशात कायम संत्रागोळ्या. एक स्वतःच्या तोंडात, एक नातीच्या. त्यांच्या हिरड्या मागे सरून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागली होती आणि तिच्या नव्या दाढेच्या खोल खाचांना. गोळ्या बंद करा, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे खिसा माझ्या टेबलावर रिकामा केला.

मुलीची दाढ मी त्याच दिवशी भरू शकले असते. अर्ध्या तासाचं काम. त्याऐवजी मी म्हणाले, "पंधरा दिवसांनी माझी परीक्षा आहे. तेव्हा भरली तर चालेल का?"

"दुधाचीच दाढ आहे न, बाई," आजोबा म्हणाले. "पडन अन् नवी येईन. तुमची परीक्षा होऊन जाऊ द्या."

ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षी येणारी ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पाडता गुपचूप उगवते, म्हणून घरोघरी तिला दुधाचीच समजतात. ती गेली की दुसरी येत नाही. हे मला तोंडपाठ होतं, त्यावर चांगले मार्कही मिळवले होते. मी गप्प बसले. बोलले असते तर त्यांनी तेव्हाच भरून मागितली असती आणि मी पुन्हा लग्नांत दाढा शोधत फिरले असते.

बाहेरगावचे परीक्षक आजारी पडले. परीक्षा पुढे गेली, मग आणखी एकदा गेली. मार्चची ती जूनवर आली. मधल्या काळात मुलगी दोनदा येऊन गेली. एका बाजूनंच जेवते, असं आजोबांनी सांगितलं. दोन्ही वेळा मी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून तिला परत पाठवलं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी दाढेवर टोचणी टेकवली आणि ती सरळ आत गेली. मुलगी ओरडली नाही, नुसती खुर्चीचे हात धरून ताठ झाली.

"ही कीड पहिल्यांदा कधी बघितलीस?" त्यांनी मला विचारलं.

"आठ दिवसांपूर्वी, सर."

दाराशी उभे असलेले आजोबा पुढे आले. "हो साहेब, आठ दिवसच झाले," ते म्हणाले. मग नातीला उतरवून स्वतः खुर्चीत बसले. "माह्या तोंडात पाहा बाई, काही कामाचं सापडते का."

परीक्षकांनी घड्याळाकडे बघून होकारार्थी मान हलवली. आजोबांच्या सुळ्याच्या मुळाशी बेताची कीड होती. ती भरून मी पास झाले.

मुलीची दाढ दुसऱ्या दिवशी काढावी लागली. छपराच्या कवेलूवर फेकली की नवी येते म्हणून तिनं ती मागून घेतली. मी कापसात गुंडाळून दिली. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

थंडी पडल्यावर, मी तिथेच इंटर्नशिप करत असताना, दोघं पुन्हा आले. आजोबांना आता पडलेल्या दाढांच्या जागी कवळी हवी होती. मी माप घ्यायची तयारी करत होते, तेवढ्यात मुलीनं न सांगताच तोंड उघडलं आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"अजून नाई आली. काहून?"

इतके दिवस मी टाळत होते ते आता टळणार नव्हतं. "ती येणार नाही," मी म्हणाले. "ती कायमची दाढ होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

आजोबांनी मुलीची हनुवटी हलकेच वर करून तिचं तोंड मिटवलं, तिचा हात धरला आणि माप न देताच उठले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते जाताना जयभीम म्हणाले नाहीत. मग मीच म्हणाले. तोवर ते दाराबाहेर पडले होते.