शॉकअप बदलले त्या वर्षी

लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं मी आणि माझा नवरा एकमेकांशी मोकळेपणी बोललो ते फक्त पिकअपच्या केबिनमध्ये. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर आमचं घर, म्हणजे एक खोली आणि वर पोटमाळा. त्यात सासू-सासरे आणि आम्ही दोघं. पोटमाळ्यावर कूस बदलली तरी खाली सासरे खाकरायचे. त्यामुळे जे काही बोलायचं ते सकाळी, गाडीत.

पिकअप त्याची स्वतःची. मुलुंडच्या एका गोदामातून टाइल्स भरून तो इमारतींच्या साइटवर पोचवायचा. मी मुलुंडलाच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायला होते. लोक उपाशीपोटी यायचे, म्हणून लॅब लवकर उघडायची. जाताना गाडी रिकामी असायची आणि रिकामी पिकअप किती उडते ते तिच्यात बसल्याशिवाय कळत नाही. मागचे स्प्रिंगचे पाटे भरपूर वजन पेलायला केलेले. वजनच नसलं की ते दबत नाहीत आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो. त्यात मेट्रोच्या कामासाठी एलबीएस रोडवर जागोजागी पत्रे उभे होते. आम्ही ओरडून बोलायचो, शब्द मध्येच तुटायचे. विक्रोळीला सुरू झालेलं भांडण भांडुपला हसण्यावारी जायचं, कारण रागाचं वाक्य बोलता बोलता दोघंही सीटवरून उडायचो.

माझं पहिलं मूल पोटातच गेलं, तिसऱ्या महिन्यात. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "गाडीतल्या धक्क्यांनी असं होत नाही. गर्भच नीट वाढत नव्हता." मला ते पटलं होतं. पण दवाखान्यातून घरी आल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "त्या गाडीनंच घात केल्यान." माझा नवरा दारातच उभा होता, हातात औषधांची पिशवी. पुढे कितीतरी दिवस तो खड्डा दिसला की इतका हळू व्हायचा की मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खायचा. तो आणि त्याची आई एकमेकांशी कामापुरतंच बोलू लागले.

वर्षभराने मला पुन्हा दिवस गेले. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "आता त्या गाडयेत पाय ठेवायचो नाय." मला वाटलं नवरा माझी बाजू घेईल. तो म्हणाला, "आई बरोबर बोलतेय. तू बसने जा."

मी बसने जाऊ लागले. बसमध्ये जागा मिळायची, धक्केही कमी. पण लॅबमध्ये पोचल्यावर वाटायचं, काहीतरी राहून गेलंय. एका रात्री जेवताना त्याला हळूच म्हटलं, "तुझ्याशी बोललेच नाही रे चार दिवस."

त्या रविवारी तो मला घेऊन गॅरेजमध्ये गेला. मेस्त्री त्याच्या ओळखीचा, दोघं अरे-तुरेतले. गाडीखाली शिरून त्याने एक जुना शॉकअप, धक्के झेलणारं ते नळकांडं, काढून आमच्यासमोर धरला. तेलाने माखलेला. हाताने दाबला तर भस्सकन आत गेला.

"हा मेलाय कधीचा," तो म्हणाला. "चारही बदल. गॅसचे टाक. पण खरं सांगू? नुसत्या शॉकअपने काम नाही होणार. गाडी चालवायची कशाला, धंद्याला की बायकोला फिरवायला?"

"दोन्हीला," नवरा म्हणाला.

"दोन्ही नाही जमत, यार. मऊ पाहिजे तर मागचा एक पाटा काढावा लागेल. मग टाइल्स भरू नकोस. भरल्यास तर वाट लागेल."

नवऱ्याने सिगरेट सोडली होती, त्यामुळे विचार करताना त्याला हात कुठे ठेवायचे ते कळत नसे. त्याने ते खिशात घातले, बाहेर काढले आणि म्हणाला, "काढ."

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, टाइल्सचं काम तुझं चांगलं चाललंय. ते सोडणार?"

"गाद्यांवाला एक जण कधीचा विचारतोय. गाद्यांना काय वजन असतं!"

"माझ्यासाठी कशाला? मी जातेय ना बसने."

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "मलाच ती गाडी चालवायला नको झालीय." इतकं तो त्या सगळ्या वर्षात त्या गेलेल्या मुलाविषयी पहिल्यांदाच बोलला.

नव्या शॉकअपला पट्टी बांधलेली होती. मेस्त्रीने ती कापली तसा तो दांडा आपोआप, सावकाश बाहेर आला. नवरा लहान मुलासारखा बघत होता. संध्याकाळपर्यंत चारही बसले, पाटा निघाला, झिजलेले रबर बदलले. चाकांतली हवाही थोडी कमी केली.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं. तिला ते पाटे, तो गॅस काही कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, "गाडी तीच मां?"

"तीच. पण आता उडत नाही."

"आधी मी बसान बघतंय. मगे ती बसात."

आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नेसून, वेणी घालून, हातात पिशवी घेऊन दारात उभ्या. केबिनमध्ये चढायला त्यांना आम्ही दोघांनी आधार दिला. त्या मधे बसल्या, मी खिडकीशी. "तू कित्याक?" म्हणून त्यांनी मला हटकलं, पण मी उतरले नाही.

नवऱ्याने आयुष्यात कधी इतक्या जपून गाडी चालवली नसेल. सासूबाई दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसलेल्या. पहिला स्पीडब्रेकर आला तसे त्यांनी डोळे मिटले. गाडी वर गेली, खाली आली आणि लगेच स्थिरावली, पूर्वीसारखी तीन-चारदा नाचली नाही. त्यांनी एक डोळा उघडला. विक्रोळीपर्यंत त्यांनी डॅशबोर्डवरचा एक हात काढला. कांजूरला दुसरा. मग पिशवीतून शेंगदाणे काढून आम्हाला दिले.

भांडुपच्या सिग्नलला गाडी थांबली होती. समोर बघतच त्या बोलल्या, जणू रस्त्याला सांगताहेत.

"माजापण पयला असाच गेला हुता. तेव्हा गाडी नाय, घोडो नाय. मी घरातच हुतंय, गावाक. सासूबाय म्हणाली, तू इहिरीवर पाण्याक गेलंस म्हणान." मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत त्या म्हणाल्या, "इहिरीचो काय दोस नाय हुतो."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजू लागले. नवरा स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. मी सासूबाईंच्या पाठीमागून हात नेऊन त्याच्या खांद्याला लावला, तेव्हा त्याने गियर टाकला. सासूबाईंनी पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. तो चाळिशीकडे झुकलेला माणूस, पण त्याने पुसू दिला.

मुलुंडला मला सोडताना त्या म्हणाल्या, "गाडी बरी आसा. माका कायेक जाणवाक नाय."

मला वाटलं, चाचणी संपली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा तयार. मुलुंडच्या बाजारात भाजी ताजी मिळते, हे कारण. तिसऱ्या दिवशी काही कारणही दिलं नाही. आमची बोलायची एकमेव जागा गेली म्हणून आधी मी थोडी चिडले. पण त्या केबिनमध्ये सासूबाई घरी कधी बोलत नसत असं बोलायच्या. गिरणीतून सासरे येईपर्यंत चाळीतल्या बायका मिळून कुठे कुठे फिरायच्या, लग्नात त्यांना स्वतःचा नवरा कसा आवडलाच नव्हता, मग कधी आवडू लागला. शेवटचं ऐकून माझा नवरा लाजला. "आई, बस ना आता," म्हणाला. आम्ही दोघी एवढ्या हसलो की माझ्या पोटात दुखलं आणि त्या घाबरल्या.

गाद्यांचं काम टाइल्ससारखं रोजचं नव्हतं. तो कधी दुपारीच घरी यायचा आणि नुसता पडून राहायचा. पण "पाटा परत बसव" असं मी एकदाही म्हटलं नाही आणि तोही म्हणाला नाही.

सातव्या महिन्यानंतर मी घरी बसले. मुलगी झाली, सुखरूप. आता ती शाळेत जाते. असल्फ्याची खोली आम्ही सोडली. त्या रस्त्यावर आता मेट्रोचे खांब उभे आहेत आणि आमच्याकडे एक छोटी कार आहे, तिच्यात खड्डे कळतही नाहीत.

त्या दिवसांबद्दल मला आता सगळ्यात जास्त आठवतं ते मी स्वतः पाहिलेलंच नाही. मी घरी बसल्यावरही सासूबाई त्याच्याबरोबर जात राहिल्या, दोघंच. निघताना तेवढं मी त्यांना दारातून पाहायचे. तो केबिनच्या पायरीखाली एक उलटी बादली ठेवायचा, आई तिच्यावर पाय देऊन चढायची आणि दार लागण्याआधीच दोघांचं बोलणं सुरू झालेलं असायचं. "काय बोलता रे एवढं?" असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "काही नाही गं. ती रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवते."