शिडीवरचे पाहुणे

काका मालवाहू जहाजावर आचारी होते. अर्धा जन्म पाण्यावर गेला, पण पोहता येत नव्हतं. "बुडायचंच असतं तर जहाजावर कशाला चढलो असतो?" असं उलट विचारायचे.

एका सकाळी बटाटे उकडलेलं पाणी ओतून द्यायला ते मागच्या कठड्याशी गेले. किनारा कुठेच दिसत नव्हता. दिसली ती कठड्याला आकड्यांनी अडकवलेली शिडी. शिडीवर दातात सुरा धरलेला एक सद्गृहस्थ, त्याच्यामागे बंदूकवाला, खाली होडीत तिसरा. काकांची बोबडी वळली. हात मात्र चालले. पातेलं रिकामं झालं आणि दोघे पाहुणे धपाधप समुद्रात पडले. तिसरा होडी घेऊन पसार झाला. खलाशांनी त्या दोघांना बाहेर काढून बंदरात पोलिसांच्या हवाली केलं. कप्तानाने काकांची पाठ थोपटली.

मग कोर्ट सुरू झालं.

"यांनी जहाज लुटलं?" आरोपींच्या वकिलाने विचारलं.

"नाही साहेब."

"जहाजावर पाऊल तरी ठेवलं?"

"मी ठेवू दिलं नाही."

"म्हणजे गुन्हा तुम्हीच होऊ दिला नाही!"

काका ओशाळले. खरंच, चूक त्यांचीच होती.

न्यायाधीशांनी खेदाने सांगितलं की गुन्ह्याच्या प्रयत्नाला शिक्षा देणारा कायदा आहे, पण त्याची हद्द किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर संपते. त्यापुढे चाचेगिरीचं कलम लागतं. ते झालेल्या लुटीबद्दल बोलतं, प्रयत्नाबद्दल मूग गिळून बसतं. पाहुणे सुटले.

जाता जाता सुरावाल्याने भाजल्याची तक्रार दिली. ती मात्र कायद्यात चपखल बसली. काका जहाजावर उभे होते, आणि जहाज म्हणजे देशाचीच भूमी!

घरी काकू भडकल्या. "पुढच्या वेळी त्यांना वर घ्या, बसवा, सगळं लुटू द्या. मग ओता पाणी!"

"हसू नकोस गं," काका म्हणाले, "त्याच्या दातातला सुरा अजून दिसतो मला."

काकू हसत नव्हत्याच.

तक्रारीच्या तारखांना काका इस्त्रीचा सदरा घालून हजर राहत. तक्रारदार एकदाही फिरकला नाही. तो समुद्रावर कामात असल्याचं कळल्यावर कोर्टाने प्रकरण निकाली काढलं.

काका काही परत जहाजावर गेले नाहीत. आता एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आहेत, तळमजल्यावर. खिडकीबाहेर कोणी शिडी लावून भिंत रंगवायला लागला की हातातलं काम टाकून आधी त्याचं तोंड बघून येतात.